साळुंकी मोजू या

सलमानियाच्या बागेत सकाळी साळुंकीचा आवाज आला तर आपल्या लोकांना तो परका वाटत नाही. कोकणात अंगणातच तो ऐकलेला असतो. पण आखातात ही पाहुणी आहे. पिंजऱ्यांतून सुटलेल्या जोड्या येथे वाढल्या. इस्राएलातही असेच झाले. 1990 च्या दशकात तेल अवीवच्या उद्यानातून काही साळुंक्या निसटल्या व पुढे देशभर पसरल्या.

त्यात बिघडले काय? याचा शोध घेण्यात साध्या कुटुंबांचा वाटा मोठा आहे. इस्राएलात 2006 पासून दर हिवाळ्यात मुले व मोठी माणसे घराजवळचे पक्षी मोजतात. त्या नोंदी ताडून पाहता असे दिसले, की साळुंकी वाढत गेली आणि चिमणीसारखे नेहमीचे पक्षी घटत गेले. साळुंकी दांडगी; घरट्याच्या जागा ती बळकावते.

भारतातही 2023 चा पक्ष्यांविषयीचा अहवाल तीस हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. त्यात 942 जातींचा विचार झाला.

आपल्या मुलांनाही हे जमेल. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातील पक्षीगणना होते. ती 1998 साली अमेरिकेत सुरू झाली व 2013 पासून जगभर चालते. चार दिवस असल्याने शब्बाथ सोडूनही भाग घेता येतो. रीत अशी :

1. एक जागा ठरवावी. गच्ची, बाग, शाळेचे आवार, काहीही चालेल.

2. निदान पंधरा मिनिटे मोजावे. जागा, तारीख व वेळ आधी लिहावी.

3. आधी 4 चिमण्या दिसल्या, मग 6. त्याच परत आल्याची शंका असेल तर 6 लिहावे, 10 नव्हे.

4. पक्षी ओळखता आला नाही तर अंदाजाने नाव देऊ नये. चुकीच्या नावापेक्षा कोरी जागा बरी.

5. मोबाईलवरील ई-बर्ड या सोयीतून यादी पाठवावी.

पालकांनी एवढेच करावे : मुलांबरोबर उभे राहावे, पण आकडा त्यांनाच लिहू द्यावा. थोडे पक्षी दिसले म्हणून मूल हिरमुसले, तर त्याला सांगावे की कमी आकडाही तितकाच मोलाचा. चिमण्या घटल्याचे अशाच आकड्यांतून कळले.

मुलांसाठी अभ्यास : साळुंकी, चिमणी, बुलबुल व होला यांचे चार रकाने वहीत आखा. महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच वेळी मोजा. वर्षअखेर कोणता रकाना वाढला व कोणता घटला, ते घरच्यांना वाचून दाखवा.