जुन्या डिस्कचा नवा उपयोग

शाळेचा जुना संगणक बंद पडला, तरी त्यातील हार्ड डिस्क शाबूत होती. 1956 साली आयबीएमने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या असूनही जेमतेम पन्नास लाख अक्षरे मावत. आज मोबाइलमधील एकदोन छायाचित्रांसच तेवढी जागा लागते!

आम्ही ती डिस्क यूएसबी अडॅप्टरला जोडली. साडेतीन इंची डिस्कला बारा व्होल्टचा वेगळा वीजपुरवठा लागतो. लॅपटॉपमधील अडीच इंची डिस्क बहुधा यूएसबीवरच चालते. जोडताच ‘फॉरमॅट करू का?’ असे पडद्यावर उमटले, तर घाईने होकार देऊ नये. आतील सारे पुसले जाईल. डिस्क टक्‌टक् वाजू लागली, तर तिच्यावर विसंबूच नये.

वारासिवनीतील आज्यांच्या ओव्या मुलांनी ध्वनिमुद्रित केल्या, त्या आम्ही या डिस्कवर उतरविल्या. (आमची घरची बोली कोकणी, काही शब्दांचे अर्थ मुलांनीच आम्हांस सांगितले.) ‘आता संगणकातल्या पुसू का?’ असे एकाने विचारले. आम्ही त्यास थांबविले. पुसल्या असत्या, तर राखीव प्रत हीच एकमेव प्रत झाली असती, तीही जुन्या डिस्कवर. त्यांपैकी एक आजी गेल्या चैत्रात वारल्या.

डिस्क कोरड्या कपाटात ठेवली आहे. दर तीन महिन्यांनी ती जोडून आम्ही एखादी ओवी ऐकून पाहतो.