चेंडू परत देणारे हात

उद्दिष्टे
हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही
• श्रद्धा व सेवाभाव यांचा नेतृत्वाशी असलेला संबंध सांगू शकाल;
• प्रशिक्षकाच्या कार्याचे महत्त्व स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ
कोलकात्याच्या गजबजलेल्या एस्प्लनेडपासून चालत जाण्याच्या अंतरावर ईडन गार्डन्स हे प्रसिद्ध क्रीडांगण आहे. २९ डिसेंबर १९९७ रोजी तेथे महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. सीमारेषेपार गेलेला चेंडू उचलून खेळाडूंकडे परत देण्याचे काम काही मुलींकडे होते. नदिया जिल्ह्यातील चाकदहची पंधरा वर्षांची झूलन गोस्वामी त्यांपैकी एक. विजयी ऑस्ट्रेलियन संघाला पाहून, आपणही देशासाठी खेळावे, ही आकांक्षा तिच्या मनात रुजली.

पहाटेची लोकल पकडून ती सरावासाठी कोलकात्यास येई. प्रशिक्षक स्वपन साधू यांनी तिच्यातील गोलंदाज ओळखला. शिष्याची स्वतःवरील श्रद्धा डळमळते, तेव्हा गुरूची श्रद्धाच त्याला सावरते.

२००२ ते २०२२ या काळात झूलन यांनी एकदिवसीय सामन्यांत २५५ बळी घेऊन विश्वविक्रम केला. विश्वचषकाने मात्र हुलकावणी दिली. २०१७ च्या अंतिम सामन्यात त्यांनी तीन बळी घेतले. तरीही भारत अवघ्या नऊ धावांनी हरला.

निवृत्तीनंतर त्या मैदानापासून दूर गेल्या नाहीत. २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सच्या महिला संघाच्या मार्गदर्शक व गोलंदाजी प्रशिक्षक झाल्या. त्या वर्षी कोलकात्याच्या साइका इशाकने १५ बळी घेतले आणि मुंबईने पहिली महिला प्रीमियर लीग जिंकली. धावफलकावर प्रशिक्षकाचे नाव नसते. नेता म्हणजे सर्वांच्या पुढे चालणारा, असे आपण मानतो. पण इतरांना पुढे जाता यावे म्हणून मागे उभे राहणे, हेही नेतृत्वच. खेळाडू त्यांना आदराने ‘झूलनदी’ म्हणतात. बंगालीतील ‘दी’ म्हणजे आपली ताई.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. हरमनप्रीत कौर, सांगलीत वाढलेली स्मृती मानधना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो चषक झूलनदींच्या हाती दिला. त्यांना अश्रू आवरले नाहीत. एकेकाळी दुसऱ्यांचा चेंडू परत देणाऱ्या हातांत आता चषक होता.

शब्दार्थ
आकांक्षा – तीव्र इच्छा
हुलकावणी देणे – हाती येता येता निसटणे

पाठगत प्रश्न
१. झूलन यांच्या मनात देशासाठी खेळण्याची आकांक्षा केव्हा रुजली?
२. ‘मागे उभे राहणे, हेही नेतृत्वच’ हे विधान तुमच्या परिचयातील एका व्यक्तीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.