कृत्रिम सांधा : शस्त्रक्रियेइतकीच शुश्रूषाही महत्त्वाची

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक होती. आयुर्मान वाढत गेले, तशी सांध्यांच्या झिजेमुळे चालणे मंदावलेल्या वृद्धांची संख्याही वाढत गेली. जमिनीवर मांडी घालून जेवणे, शेतात बसून खुरपणी करणे, शौचास उकिडवे बसणे या आपल्या नित्याच्या हालचाली गुडघा व खुबा पूर्ण वाकण्यावर अवलंबून आहेत. सांधा निकामी झाला की, वेदनेबरोबर परावलंबित्व येते आणि घरातील आणखी एका व्यक्तीचा, बहुधा स्त्रीचा, दिवस त्यात गुंततो. म्हणूनच सांधारोपण हा केवळ वैद्यकशास्त्राचा नव्हे, तर सामाजिक विकासाचाही विषय ठरतो.

तंत्राची वाटचाल

आधुनिक खुबारोपणाचा पाया इंग्लंडमधील सर जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये घातला. धातूचा लहान गोळा, पॉलिथिलीनची वाटी आणि दोन्ही भाग हाडात घट्ट बसविणारे ॲक्रिलिक सिमेंट अशी त्यांची रचना होती. घर्षण कमी, म्हणून झीज कमी, हे त्यामागील सूत्र होय. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी शस्त्रक्रियागृहातील हवा अतिशुद्ध ठेवण्याचा त्यांचा आग्रहही तितकाच मोलाचा ठरला.

गुडघ्याची रचना अधिक गुंतागुंतीची असल्याने तेथे यश येण्यास वेळ लागला. १९७० च्या दशकात न्यूयॉर्क येथे डॉ. जॉन इन्सॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेला कृत्रिम गुडघा पुढील बहुतेक रचनांचा आधार बनला. या गटात भारतीय वंशाचे डॉ. चित्तरंजन राणावत हेही होते. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजव्या गुडघ्यावर जून २००१ मध्ये मुंबईत डॉ. राणावत यांनी शस्त्रक्रिया केली. त्यानंतर हा उपचार देशभर सर्वसामान्यांच्या बोलण्यात आला.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते?

‘गुडघा बदलणे’ या शब्दप्रयोगामुळे संपूर्ण सांधा कापून काढला जातो, असा समज होतो. प्रत्यक्षात मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा व नडगीच्या वरच्या टोकाचा झिजलेला पृष्ठभाग काही मिलिमीटर जाडीच्या कापांनी काढला जातो. त्या जागी धातूची आवरणे बसवून त्यांच्यामध्ये पॉलिथिलीनची चकती ठेवली जाते. सर्वांत कौशल्याचे काम दोन प्रकारचे असते : पायाचा अक्ष सरळ करणे आणि दोन्ही बाजूंच्या अस्थिबंधांचा ताण समतोल राखणे. आपल्याकडील अनेक रुग्ण पाय धनुष्याप्रमाणे बाहेर वाकल्यानंतरच शस्त्रक्रियेसाठी येतात. त्यामुळे हा समतोल साधणे कठीण होते.

खुब्याच्या शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचे गोल डोके काढतात, कटिबंधातील खोबण घासून तेथे नवी वाटी बसवितात आणि हाडाच्या पोकळीत दांडा घालून त्यावर नवा गोळा बसवितात. वाटीचा कल चुकला तर सांधा निखळण्याचा धोका वाढतो. दांडा वरखाली झाला तर पायांच्या लांबीत फरक पडतो. भारतात खुबारोपणाची गरज केवळ वृद्धांना भासत नाही. रक्तपुरवठा खंडित होऊन खुब्याचे डोके खचणे किंवा संधिवाताने सांधा आखडणे यांमुळे अनेक तरुणांवरही ही वेळ येते. संगणक व रोबो यांच्या साहाय्याने हाडाचे काप अधिक अचूक घेता येतात. तथापि त्यामुळे सांधा दीर्घकाळ अधिक टिकतो, असे अद्याप ठामपणे सिद्ध झालेले नाही.

निर्णय व पूर्वतयारी

क्ष-किरण चित्रात झीज दिसणे, हे शस्त्रक्रियेचे पुरेसे कारण नव्हे. वजन घटविणे, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, काठीचा वापर व औषधे यांनी आराम पडत नसेल, रात्री वेदनेने झोपमोड होत असेल आणि घराबाहेर चालणे अशक्य होत असेल, तेव्हाच हा विचार करावा. गुडघारोपणानंतर सुमारे पाचांपैकी एक रुग्ण पूर्ण समाधानी नसतो, असे परदेशांतील पाहण्यांत आढळले आहे. म्हणून काय साध्य होईल व काय होणार नाही, याची रुग्णाला आधीच स्पष्ट कल्पना देणे आवश्यक असते. वेदना जाते, पाय सरळ होतो, चालणे सुधारते. परंतु पूर्वीसारखे उकिडवे बसता येईलच, असे नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी मधुमेह नियंत्रणात आणणे, रक्तक्षय भरून काढणे, तंबाखू व धूम्रपान थांबविणे आणि दात, त्वचा व मूत्रमार्ग यांतील संसर्गावर उपचार करणे अपरिहार्य आहे. कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण साधारणतः शंभरात एक-दोन इतके असले, तरी तो झाल्यास पुन्हा शस्त्रक्रिया, क्वचित सांधा काढून टाकणे आणि मोठा खर्च हे सारे ओढवते. त्वचेला छेद देण्यापूर्वीच्या एका तासात प्रतिजैविक देण्याचा नियम याचसाठी कसोशीने पाळला जातो.

शस्त्रक्रियेनंतरची काळजी

पूर्वी रुग्णास अनेक दिवस अंथरुणावर ठेवले जाई. आता कमरेतून दिलेली भूल, मज्जातंतूंभोवतीची वेदनाशामक इंजेक्शने व रक्तस्राव कमी करणारी औषधे यांमुळे बहुतेकांना त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी चालविले जाते. लवकर चालण्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही घटतो.

गुडघ्याच्या रुग्णाने पहिल्या काही आठवड्यांत पाय पूर्ण सरळ करण्याचा आणि हळूहळू वाकविण्याचा व्यायाम रोज केला पाहिजे. आरामासाठी गुडघ्याखाली उशी ठेवण्याची सवय टाळावी. त्यामुळे पाय वाकलेल्या स्थितीतच आखडतो. मागील बाजूने खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी सुरुवातीचे सहा ते बारा आठवडे पायावर पाय टाकू नये, फार खाली बसू नये आणि झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवावी. घरात बसण्याचे शौचपात्र, स्नानगृहात आधाराची दांडी व पुरेशा उंचीची खाट यांची सोय रुग्ण घरी येण्यापूर्वीच करावी. पोटरी सुजणे, श्वास लागणे, ताप येणे किंवा जखमेतून स्राव वाहणे या लक्षणांत घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

खर्चाचा प्रश्न आणि उरलेली दरी

ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम भागांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्याची सरासरी कमाल किरकोळ किंमत त्यापूर्वी सुमारे १ लाख ५८ हजार रुपये होती. ती करांव्यतिरिक्त ५४ हजार ७२० रुपयांवर आली. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले, त्यात सांधारोपणाचाही समावेश झाला. २०२४ मध्ये सत्तर वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठांना, उत्पन्नाची अट न ठेवता, ही योजना लागू करण्यात आली.

मात्र, २०१७ चा आदेश गुडघ्यापुरता होता आणि आरोग्य संरक्षणाचा भर रुग्णालयातील मुक्कामावर असतो. सांध्याचे खरे भवितव्य त्यानंतरच्या तीन महिन्यांत, घरी ठरते. जिल्ह्याच्या ठिकाणाहून पन्नास किलोमीटर दूर राहणाऱ्या वृद्धेला भौतिकोपचारासाठी आठवड्यातून तीनदा प्रवास करणे परवडत नाही. व्यायाम थांबतो, गुडघा आखडतो आणि उत्तम रीतीने बसविलेला सांधाही उपयोगी पडत नाही. यावर उपाय अवघड नाहीत : रुग्णालयातून घरी पाठविण्यापूर्वी कुटुंबातील एका व्यक्तीस व्यायामाचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, मातृभाषेतील सचित्र सूचनापत्र, दूरध्वनीवरून नियमित विचारपूस आणि तालुका पातळीवर भौतिकोपचार तज्ज्ञाची उपलब्धता.

दुसरी गरज नोंदवहीची आहे. स्वीडनने १९७० च्या दशकातच गुडघा व खुबा रोपणांच्या राष्ट्रीय नोंदी ठेवण्यास सुरुवात केली. कोणता सांधा किती वर्षे टिकतो, हे अशा नोंदींतूनच कळते. परदेशांतील नोंदींवर आधारलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पंचवीस वर्षांनंतर सुमारे ८२ टक्के संपूर्ण गुडघारोपणे आणि ५८ टक्के खुबारोपणे टिकून होती. सदोष सांधा बाजारात आला, तर तो लवकर ओळखून रुग्णांना शोधून काढण्याचे कामही नोंदवहीच करते. भारतीय रुग्णांची शरीररचना, आजार व जीवनपद्धती वेगळी असल्याने सर्व रुग्णालयांना सामावून घेणारी आपली स्वतःची नोंद आवश्यक आहे.

कृत्रिम सांधा शल्यचिकित्सक एक-दोन तासांत बसवितो. तो चालता ठेवण्याचे काम रुग्ण, कुटुंब, परिचारिका व भौतिकोपचार तज्ज्ञ यांना अनेक महिने करावे लागते. धोरणाने या दुसऱ्या कामाचीही तरतूद केली, तरच शस्त्रक्रियेवर झालेला खर्च सार्थकी लागेल.