रेंज फुल्ल, तरी फोन का लागत नाही?

प्रश्न : तुकोबारायांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर करत बेलवडीला आली. रिंगणाच्या गर्दीत आईची आणि माझी चुकामूक झाली. फोनवर रेंजच्या सगळ्या दांड्या होत्या, तरी तिला फोन काही लागेना. असं का होतं? (एक वाचक, इंदापूर)

उत्तर : दांड्यांवरून एवढंच कळतं, की टॉवरचा आवाज तुमच्या फोनला नीट ऐकू येतोय. तुमच्या फोनची हाक टॉवरला ऐकू गेली का, हे त्या सांगत नाहीत. वारीत घोडं अडतं ते तिथंच.

खिशात पडलेल्या फोनची टॉवरशी कायमची जोडणी नसते. नंबर लावला की फोन आधी फक्त ‘मला बोलायला जागा द्या’ अशी छोटी हाक मारतो. कुणाला कधी बोलायचंय हे टॉवरला आधी ठाऊक नसतं, त्यामुळे या पहिल्या हाकेसाठी नंबर लावून देता येत नाहीत. फोर-जीत तिच्यासाठी वेळेचे ठरावीक कप्पे आणि ६४ सांकेतिक खुणा असतात. काही खुणा टॉवर राखून ठेवतो, उरलेल्यांतली कोणतीही एक फोन उचलतो. दोन फोनांनी एकाच कप्प्यात एकच खूण उचलली की टक्कर झाली. मग प्रत्येक जण आपापल्या मनाने कमी-जास्त थांबतो आणि पुन्हा हाक मारतो, या वेळी जरा जोरात.

या पद्धतीचं मूळ हवाई बेटांवर आहे. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली ‘अलोहा’ नावाचं रेडिओ नेटवर्क सुरू केलं. वाटेल तेव्हा संदेश पाठवा, टक्कर झाली तर थांबून पुन्हा पाठवा, एवढाच त्याचा नियम. त्यात फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागायचा. पुढे प्रत्येकाने कप्प्याच्या सुरुवातीलाच बोलायचं असं ठरलं, आणि ही मर्यादा दुप्पट, म्हणजे ३७ टक्के झाली.

पण हे ३७ टक्के कधी? एका कप्प्यात सरासरी एकच हाक असेल तेव्हा. सरासरी पाच हाका येऊ लागल्या, तर शंभरातले जेमतेम तीन-चार कप्पे कामी येतात. धडपड पाचपट, पण फळ दहाव्या हिश्श्याचं! मला यातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. बेलवडीत अश्व धावला की हजारो जण एकाच वेळी व्हिडिओ घरी पाठवायला बघतात, आणि खिशातल्या फोनांतली ॲपही आपापली मागणी करत असतात. या पहिल्या दारातून आत शिरलात, तरी प्रत्यक्ष बोलायला जागा मोजकीच असते. कंपनीने फिरता टॉवर आणून उभा केला तर दोन्हीकडचा ताण हलका होतो.

म्हणून फोन लागला नाही की लगेच पुन:पुन्हा लावू नका. प्रत्येक रिडायल म्हणजे त्या गर्दीत आणखी एक हाक. मोबाइल डेटा बंद करा, दोन मिनिटं थांबा, साधा एसएमएस पाठवा. त्याला फार थोडी जागा लागते, आणि आईचा फोन तेव्हा सापडला नाही तरी नेटवर्क तो नंतर पोचवतं. पुढच्या वर्षी निघताना मात्र आईच्या पिशवीत एक चिठ्ठी जरूर ठेवा : दिंडीचा क्रमांक, दिंडी रथापुढची की रथामागची, आणि त्या रात्रीच्या मुक्कामाचं गाव.