क्रूझच्या जुन्याजाणत्या प्रवाशांच्या सवयी आणि त्यांची वैद्यकीय पारख

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या मायामी आणि फोर्ट लॉडरडेल या बंदरांतून कॅरिबियन समुद्राकडे निघणाऱ्या जहाजांवर, वर्षानुवर्षे क्रूझ करत आलेल्या प्रवाशांचा एक वर्ग हमखास आढळतो. त्यांतले बहुतेक जण निवृत्त झालेले असतात आणि त्यांच्या आवडीनिवडी ठरलेल्या असतात. त्यांना केबिन जहाजाच्या मधोमध हवी असते, जेवण बुफेपेक्षा टेबलावर वाढलेले हवे असते, लिफ्टपेक्षा जिना बरा वाटतो आणि हातातल्या छोट्या बॅगेत काय काय असले पाहिजे याची यादी पाठ असते. वरवर हा निव्वळ आवडीचा भाग वाटतो, पण वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर यातल्या बऱ्याच सवयींना शरीरशास्त्राचा भक्कम आधार सापडतो, आणि एकदोन सवयी मात्र, कितीही जुन्या असल्या तरी, सोडून देण्यासारख्याच आहेत. मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या मराठी आईवडिलांना अलास्का किंवा कॅरिबियनची क्रूझ घडवणे आता सर्रास झाले आहे, आणि मुंबईहून गोवा व लक्षद्वीपकडेही क्रूझ जहाजे जाऊ लागली आहेत. त्यामुळे साठीच्या पुढच्या वाचकांनी या सवयींची पारख प्रवासाआधीच करून ठेवणे हिताचे ठरेल.

पहिला प्रश्न केबिनचा. बोट लागणे हा पोटाचा आजार नाही, त्याचे मूळ आतल्या कानात असते. तिथल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला जहाजाचे हेलकावे जाणवत असतात, पण बंद केबिनमध्ये डोळ्यांना समोरची भिंत स्थिरच दिसते, आणि या दोन परस्परविरोधी निरोपांचा मेळ मेंदूला घालता आला नाही की घाम, जांभया, मळमळ आणि शेवटी उलटी असा क्रम सुरू होतो. हालचाल जितकी जलद तितका त्रास जास्त, असे मात्र नसते. साधारण पाच सेकंदांत एक झोका पूर्ण होईल अशी संथ हालचाल सर्वांत त्रासदायक असते आणि समुद्राच्या लाटा नेमक्या त्याच्या आसपासची लय धरतात. जहाजाचे पुढचे आणि मागचे टोक सर्वांत जास्त वरखाली होते, उंच मजले आडवे झुलतात आणि खालच्या मजल्यावरचा मधला भाग सर्वांत कमी हलतो, म्हणून अनुभवी प्रवासी महागड्या वरच्या केबिनपेक्षा खालची मधली केबिन पसंत करतात ते अगदी योग्यच आहे. मळमळ सुरू होताच उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहत उभे राहावे, म्हणजे डोळे आणि कान यांचे म्हणणे पुन्हा जुळू लागते. अशा वेळी वाचन आणि मोबाइल टाळावा, पोट पूर्ण रिकामे ठेवू नये आणि तेलकटाने भरूही नये. आल्याचा तुकडा चघळण्याची आपल्याकडची रीत काही जणांना खरोखर उतार देते.

औषधांच्या बाबतीत मात्र शेजारच्या प्रवाशाचे ऐकून चालत नाही. प्रोमेथाझिन, सिनारिझिन किंवा मेक्लिझिन या गोळ्या प्रवासाआधी घेतल्या तरच नीट काम करतात, कारण मळमळ सुरू झाली की जठर रिकामे होण्याची क्रिया मंदावते आणि पोटातली गोळी रक्तात उतरायला वेळ लागतो. या सर्व औषधांनी कमीअधिक गुंगी येते, म्हणून त्यांच्यासोबत मद्य घेऊ नये. कंपवाताच्या रुग्णांनी सिनारिझिन टाळावे, कारण त्याने थरथर आणि हालचालींचा मंदपणा वाढू शकतो. अमेरिकी प्रवाशांच्या कानामागे दिसणारी छोटी गोल पट्टी ही स्कोपोलामिन या औषधाची असते. ती किमान चार तास आधी लावावी लागते आणि तीन दिवस चालते, पण विशिष्ट प्रकारचा काचबिंदू असलेल्यांना ती घातक ठरू शकते. प्रोस्टेटची गाठ वाढलेल्या पुरुषांची लघवी तिने अडू शकते, आणि वृद्धांमध्ये ती कधी कधी भ्रम निर्माण करते. पट्टी लावल्यावर हात न धुता डोळा चोळला तर बाहुली मोठी होऊन अंधूक दिसू लागते, आणि कारण लक्षात न आल्यास घरच्यांचा जीव विनाकारण टांगणीला लागतो. बहुतेकांचे शरीर दोनतीन दिवसांत समुद्राला सरावते, म्हणून औषध संपूर्ण सहलभर घेत राहण्याची गरज सहसा पडत नाही.

दुसरा आणि अधिक गंभीर विषय पोटाच्या संसर्गाचा आहे. नोरोव्हायरस हा उलट्या व जुलाब घडवणारा विषाणू 1968 साली ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावच्या शाळेत झालेल्या साथीच्या नमुन्यांतून पुढे 1972 मध्ये ओळखला गेला. तो पसरायला अगदी मोजके विषाणुकण पुरतात आणि दाराच्या मुठीवर, जिन्याच्या कठड्यावर किंवा बुफेतल्या सामायिक चमच्यावर तो अनेक दिवस टिकून राहतो. संसर्ग झाल्यापासून साधारण 12 ते 48 तासांत त्रास सुरू होतो आणि एक ते तीन दिवसांत ओसरतो. या विषाणूला बाहेरून स्निग्ध आवरण नसते, आणि अल्कोहोल मुख्यतः असेच आवरण विरघळवून विषाणू निकामी करत असल्यामुळे सॅनिटायझरचा त्याच्यावर भरवसा धरता येत नाही. जेवणघराच्या दारात सॅनिटायझरचा फवारा हातावर घेऊन थेट ताटाकडे वळणे ही जुन्या प्रवाशांतही रूढ झालेली सवय म्हणूनच अपुरी आहे. साबण लावून वाहत्या पाण्याखाली वीस सेकंद हात चोळणे, तेही सामायिक चमचे हाताळून टेबलाशी परतल्यावर पुन्हा एकदा, हाच खरा उपाय आहे. पोळी, ब्रेड किंवा फळ हाताने खाण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांनी तर हे विशेष जपले पाहिजे.

टेबलावर वाढलेले जेवण पसंत करणारे प्रवासी या दृष्टीने शहाणपणच करतात, कारण तिथे शेकडो हातांतून गेलेला चमचा आपल्या हाती येत नाही. बुफेतच जेवायचे असेल तर गरम पदार्थ वाफाळता आणि थंड पदार्थ खरोखर गार आहे ना, एवढे पाहावे. गरम अन्न 57 अंश सेल्सियसच्या वर आणि थंड अन्न 5 अंशांच्या खाली ठेवावे असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा, जहाजांसाठीचा दंडक आहे. या केंद्राचा जहाज स्वच्छता कार्यक्रम 1975 पासून चालू आहे. त्याच्या कक्षेतल्या जहाजांची पूर्वसूचना न देता तपासणी होते, 100 पैकी 86 पेक्षा कमी गुण मिळाल्यास जहाज अनुत्तीर्ण ठरते आणि हे गुण कोणालाही पाहता येतात. प्रवासी किंवा कर्मचारी यांच्यापैकी 3 टक्के जणांना जुलाब-उलट्या झाल्या की ती साथ जाहीर केली जाते. जहाजांचे नाव बातम्यांत वारंवार येते ते या सक्तीच्या नोंदीमुळेच. प्रत्यक्षात नोरोव्हायरसच्या साथी वृद्धाश्रम, रुग्णालये, शाळा आणि उपाहारगृहे यांत कितीतरी जास्त होतात.

आता सोडून देण्यासारखी सवय. केबिनमध्ये अडकून पडावे लागेल, सहलीचे पैसे वाया जातील, या भीतीने जुलाब किंवा ताप लपवून स्वतःजवळच्या गोळ्या घेत फिरत राहणे हे अनुभवी प्रवाशांतही घडते आणि वैद्यकीयदृष्ट्या त्याचे समर्थन कोणत्याही परिस्थितीत करता येत नाही. जहाजावरची माणसे एकाच हवेत, एकाच जेवणघरात, त्याच त्या कठड्यांना धरून वावरतात. 2020 च्या फेब्रुवारीत जपानमधल्या योकोहामा बंदरात अडकलेल्या डायमंड प्रिन्सेस जहाजावरच्या 3711 जणांपैकी 712 जणांना कोविडची लागण झाली, आणि त्या जहाजावर 132 भारतीय कर्मचारी होते. गोव्यातली आणि मुंबईतली अनेक तरुण मुले अशा जहाजांच्या भटारखान्यांत आणि केबिनसेवेत काम करतात. प्रवाशाने लपवलेल्या आजाराचा पहिला भार अनेकदा त्यांच्यावर पडतो, कारण ती उलटी पुसणारे आणि ती चादर उचलणारे हात त्यांचेच असतात. म्हणून पहिली उलटी किंवा दुसरा पातळ जुलाब होताच जहाजाच्या दवाखान्याला केबिनमधूनच फोन करावा आणि त्रास थांबल्यावरही किमान 24 तास केबिनमध्ये राहावे. या काळात एक लिटर पाण्यात ओआरएसचे एक मोठे पाकीट विरघळवून ते घोट घोट पीत राहावे. वृद्धांचे मूत्रपिंड पाण्याची कमतरता फार काळ सोसत नाही, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या चालू ठेवायच्या की नाहीत हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. ताप असेल किंवा जुलाबात रक्त दिसले तर जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नये.

मधुमेह्यांना जहाजावर जास्त खाण्याइतकाच अवेळी खाण्याचाही धोका असतो. बंदरावर उतरून दिवसभर चालायचे, दुपारचे जेवण लांबायचे, आणि सकाळी घेतलेले इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी मात्र आपले काम वेळेवर करत राहायची, असे झाले की साखर धोकादायकपणे खाली येते. खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोजच्या गोळ्या असाव्यात, आणि चक्कर आल्यास ती बोट लागल्याची आहे असे समजून स्वस्थ न बसता आधी साखर तपासावी. तापलेल्या डेकवर अनवाणी चालू नये, कारण बधिर झालेल्या पायांना चटका कळत नाही. हृदयविकाराच्या रुग्णांनी सूप, लोणची, चीज आणि सॉस यांतले मीठ लक्षात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मिठाची मर्यादा जहाजावरच्या दोन जेवणांत सहज ओलांडली जाते. घोट्यांवर सूज किंवा आडवे झाल्यावर धाप लागणे हे मीठ बाधल्याचे लक्षण असू शकते.

जिना वापरण्याची आणि सकाळी डेकवर फेऱ्या मारण्याची सवय उत्तमच, पण एक हात कठड्यावर ठेवूनच. केबिनमधल्या बाथरूमच्या दाराला चारपाच बोटे उंच उंबरठा असतो, आणि खिडकी नसलेल्या आतल्या केबिनमध्ये रात्री दिवा मालवला की स्वतःचा हातही दिसत नाही. लघवीला उठलेला वृद्ध माणूस त्या उंबरठ्याला अडखळून खुब्याचे हाड मोडून घेतो. जुने प्रवासी म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा दिवा सोबत नेतात आणि रात्री तो बाथरूममध्ये लावून ठेवतात. हा दिवा औषधांइतकाच आवश्यक मानावा. डेकवर उघडणारी जड दारे वाऱ्याने अचानक आपटतात, तेव्हा चौकटीला बोटे लावून उभे राहू नये.

हातातल्या बॅगेची यादीही नीट समजून घेण्यासारखी आहे. जहाजावर चढताना मोठ्या बॅगा हमालांकडे सोपवल्या जातात आणि केबिनपर्यंत यायला त्यांना संध्याकाळ होते. उतरण्याच्या आदल्या रात्री त्या पुन्हा केबिनबाहेर ठेवाव्या लागतात, आणि रक्तदाबाच्या गोळ्या त्यांतच गेल्या तर सकाळचा डोस चुकतो. म्हणून रोजची सर्व औषधे, मूळ वेष्टनात, औषधांची मूळ नावे लिहिलेल्या चिठ्ठीसह आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक पुरतील इतकी, हातातच ठेवावीत. केबिनमधल्या छोट्या फ्रिजचे तापमान भरवशाचे नसते, तेव्हा इन्सुलिन ठेवण्याची सोय जहाजाच्या दवाखान्याला विचारावी. शेवटचा ईसीजी आणि अँजिओप्लास्टी झाली असल्यास तिचा कागद मोबाइलमध्ये असावा. मोठ्या जहाजांच्या दवाखान्यात ईसीजी, हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र आणि प्राणवायू असतो, पण अँजिओप्लास्टी तिथे होत नाही. अशा रुग्णाला पुढच्या बंदरावर किंवा हेलिकॉप्टरने हलवावे लागते आणि त्याचा खर्च प्रवाशाच्या माथी येतो. पालकांसाठी विमा काढणाऱ्या मुलांनी त्यात आधीपासूनचे आजार आणि असे स्थलांतर दोन्ही समाविष्ट आहेत का, हे वाचून घ्यावे. जहाज आफ्रिकेच्या किंवा दक्षिण अमेरिकेच्या पीतज्वराच्या प्रदेशात थांबणार असेल तर भारतात परतताना लसीचे प्रमाणपत्र लागते. ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होते आणि पुढे आयुष्यभर चालते, मात्र साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेताना क्वचित गंभीर दुष्परिणाम होतात, म्हणून आधी डॉक्टरांशी बोलावे.

शेवटी गरम पाण्याच्या कुंडाविषयी. फेसाळत्या पाण्यात गप्पा मारत बसणे हा या प्रवाशांचा आवडता विरंगुळा आहे. जंतुनाशक पुरेसे नसेल तर अशा कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, आणि बुडबुड्यांतून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांबरोबर ते फुप्फुसांत जातात. 1976 साली फिलाडेल्फियातल्या माजी सैनिकांच्या संमेलनात न्यूमोनियाची जी साथ आली तिच्या तपासातून हे जिवाणू ओळखले गेले. दम्याच्या, धूम्रपान करणाऱ्या आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसांनी या कुंडापासून दूरच राहावे. हा आजार संसर्गानंतर 2 ते 14 दिवसांनी प्रकट होतो, म्हणजे तोवर प्रवासी घरी परतलेला असतो आणि खोकला-ताप हवाबदलाचा समजला जातो. पेनिसिलिनच्या जातीची नेहमीची औषधे त्यावर चालत नाहीत. तेव्हा परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जहाजाच्या प्रवासाविषयी आणि गरम पाण्याच्या कुंडाविषयी आवर्जून सांगावे, म्हणजे छातीच्या एक्सरेबरोबर लघवीची लिजिओनेलासाठीची तपासणीही वेळेत होईल.