बदललेला सीडी प्लेअर ऐकताना

जुन्या सीडी प्लेअरमध्ये नवे भाग बसवून आणले की पहिल्या संध्याकाळी तो हमखास जास्त चांगला वाजतो. ‘आवाज खुलला’, ‘बेस घट्ट झाला’, ‘गायिका दोन पावलं पुढं आली’ ही वाक्यं मी अनेकांकडून आणि अगदी वेगवेगळ्या बदलांबद्दल ऐकली आहेत. कपॅसिटर बदलला तरी तेच, ऑप-अँप बदलला तरी तेच, नवा क्लॉक बसवला तरी तेच. उपाय इतके निरनिराळे आणि गुण मात्र शब्दशः एकच, याचा अर्थ मी असा लावतो की त्या सुधारणेचा बराच भाग ऐकण्याच्या रीतीतून येतो. बदल करूच नयेत असं माझं म्हणणं नाही. काही बदल खरोखर ऐकू येतात, त्यांच्याकडे पुढं वळतोच. पण पैसे मोजण्याआधी आणि मत बनवण्याआधी दोन गोष्टी झाल्याच पाहिजेत. दोन्ही आवाजांची पातळी मीटरनं मोजून सारखी करायची, आणि आत्ता कोणता प्लेअर वाजतोय हे ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. यातली एक जरी अट सुटली तरी चांगला तयार कानही फसतो.

आधी पातळीचं बघू. आवाज लहान असताना आपल्या कानाला खर्जाकडचे स्वर मधल्या स्वरांच्या मानानं कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की ते भरून येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. फरक पुरेसा मोठा असला की तो ‘मोठा आवाज’ म्हणून लगेच ओळखता येतो. घोटाळा होतो तो अर्ध्या-पाऊण डेसिबलच्या आसपास. तेवढा फरक कान मोठेपणा म्हणून ओळखत नाही. तो भरीव, स्पष्ट, जिवंत असं काहीतरी म्हणून नोंदवतो. बहुतेक सीडी प्लेअर पूर्ण पातळीला सुमारे २ व्होल्ट देतात. आउटपुट स्टेज बदलून, विशेषतः व्हॉल्व्हची बसवून, तेच २.३ व्होल्ट झाले तर फरक जवळजवळ १.२ डेसिबलचा होतो, आणि त्यानंतर कुठलीही तुलना निरर्थक ठरते. उपाय सोपा आहे. सीडीवर ३०० हर्ट्‌झचा स्थिर टोन लिहून घ्या, तो वाजवून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरनं एसी व्होल्टेज मोजा, आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्या वाटेत छोटा पोटेन्शिओमीटर घालून तो खाली आणा. साधे मल्टिमीटर वरच्या कंपनसंख्येला नीट मोजत नाहीत, म्हणून टोन खालचा घ्यायचा. दोन आकडे एक टक्क्याच्या आत आले की फरक ०.१ डेसिबलच्या आत आला, आणि तेवढा पुरे.

दुसरी अट लोकांना अपमानकारक वाटते, पण तिच्यात कुणाच्या प्रामाणिकपणावर शंका नाही. खर्च केलेला पैसा, कारागिराची ख्याती, झाकण उघडल्यावर दिसलेले चकचकीत कपॅसिटर हे सगळं ऐकण्यात मिसळतं, आणि ते मिसळलंय हे ऐकणाऱ्याला जाणवतही नाही. शिवाय बारीक फरकांची कानाची आठवण फार तोकडी असते. ‘देण्याआधी कसा वाजत होता’ याच्याशी पंधरा दिवसांनी केलेली तुलना ही आवाजाशी होत नाही, आपण मनात जपलेल्या वर्णनाशी होते. म्हणून त्याच मॉडेलचा न बदललेला दुसरा प्लेअर शेजारी हवा. कुणाकडून तरी आठवड्यासाठी मागून आणा. दोन्हींत एकाच आवृत्तीची तबकडी घाला, कारण पुनर्मुद्रित आवृत्ती बऱ्याचदा वेगळ्या पातळीवर तयार केलेली असते. दोन्ही एकाच क्षणी सुरू करा, नाहीतर एक जरा पुढं धावतो आणि त्यावरूनच ओळख पटते. घरातल्या कुणालातरी नाणं उडवून प्लेअर निवडायला सांगा, तुम्ही फक्त कागदावर लिहा. १६ वेळा ऐकून १२ वा अधिक उत्तरं बरोबर आली, तर ती निव्वळ योगायोगानं येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. ८-९ बरोबर आली, तर नाण्यानंही तेवढीच दिली असती.

आता खरोखर ऐकू येणाऱ्या बदलांकडे. फिलिप्सच्या टीडीए १५४१ या चिपवर चालणाऱ्या जुन्या प्लेअरमधून एसएए ७२२० हा डिजिटल फिल्टर काढून टाकायचा, म्हणजेच ओव्हरसँपलिंग बंद करायचं, हा बदल फार लोकप्रिय आहे. त्यानं आवाज ‘मऊ’ आणि ‘अनालॉग’ होतो असं म्हणतात, आणि मऊपणाचा अनुभव खोटा नाही. ४४.१ किलोहर्ट्‌झच्या नमुन्यांचे थेट पायऱ्या-पायऱ्यांनी स्वर काढले की गणितानंच वरची पट्टी खचते: १० किलोहर्ट्‌झला सुमारे पाऊण डेसिबल, २० किलोहर्ट्‌झला ३ डेसिबलहून थोडी जास्त. तानपुऱ्याची जवारी या प्लेअरवर लक्ष देऊन ऐका. खर्जाच्या तारेतून वर उठणारी स्वरांची झालर जराशी मागं सरकलेली असते. कर्कश ध्वनिमुद्रणात हेच सुखद वाटतं, चांगल्या ध्वनिमुद्रणात काहीतरी हरवलेलं असतं. हा बदल ऐकू येतो, मोजता येतो, आणि तरीही त्याला सुधारणा म्हणता येत नाही. ती एक चव आहे, आणि अँप्लिफायरचं ट्रेबलचं बटण किंचित खाली फिरवलं तर तिचा बराचसा भाग फुकट मिळतो. एकच गोष्ट बटणानं मिळत नाही: फिल्टर गेल्यामुळं २२ किलोहर्ट्‌झच्या वर सिग्नलच्या नको असलेल्या प्रतिमा उरतात आणि त्या पुढच्या अँप्लिफायरच्या माथी बसतात.

काही वेळा ऐकू येणारा फरक म्हणजे चक्क दोष असतो. आउटपुट स्टेज नव्यानं जोडताना एका बाजूची पोलॅरिटी उलटी लागली तर आवाज स्पीकरच्या बाहेरपर्यंत पसरल्यासारखा वाटतो, आणि ‘स्टेज केवढं मोठं झालं’ म्हणून त्याचं कौतुक होतं. जुन्या मोनो चित्रपटगीताची सीडी लावून पाहा. गळा दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, एका जागी उभा राहिला पाहिजे. तो डोक्याभोवती तरंगत असेल आणि ढोलकी पातळ झाली असेल, तर जोडणी चुकली आहे. तसंच सीडीच्या सुरुवातीच्या काळातल्या काही तबकड्या प्री-एम्फसिसनं, म्हणजे वरची पट्टी उचलून, मुद्रित झाल्या आहेत. ती पट्टी परत खाली आणणारं सर्किट बदलाच्या नादात गळलं तर त्या टोचऱ्या वाजतात, आणि त्यालाच कुणी ‘बारकावे उघडले’ म्हणतं. साध्या ऑप-अँपच्या जागी फार वेगवान बसवला आणि त्याच्या पुरवठ्याच्या पायांजवळ छोटे कपॅसिटर दिले नाहीत तर तो ऐकू न येणाऱ्या कंपनसंख्येला स्वतःच आंदोलित होऊ शकतो. हे कानाला कळत नाही. ऑसिलोस्कोप लावून पाहिलं होतं का, हे कारागिराला विचारलंच पाहिजे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की अशा चाचणीच्या ताणात बारीक फरक निसटतात. ताणाचं म्हणणं मी मान्य करतो, पण चाचणी घाईनं घ्या असं कुणी सांगितलं? महिनाभर घ्या, आवडीची तबकडी लावा, एका बैठकीत दोनदाच ऐका. आणि याच पद्धतीत पातळीतला अगदी थोडा फरक सरावलेले कान पकडतात, तेव्हा पद्धत बहिरी आहे असं म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप, सगळंच मीटरवर दिसत नाही. खरं आहे, म्हणूनच इथं निकाल मीटर देत नाही. मीटरनं फक्त पातळी जुळवली, निकाल कानाचाच आहे, फक्त त्याला डोळ्यांची मदत नाही. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण मधेच सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झच्या मापातून काढलं होतं. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे निम्मीही नाहीत. त्यावरून कुठलाच बदल ऐकू येत नाही असं सिद्ध होत नाही. पण एका कपॅसिटरनं ‘पडदा दूर झाला’ असं सांगणाऱ्यानं पुरावा द्यावा, इतकी अपेक्षा रास्त ठरते. ‘शंभर तास वाजू द्या, मग खुलेल’ हे उत्तर पुरावा नव्हे. त्या शंभर तासांत कान नव्या आवाजाला सरावतात, आणि पैसे परत मागायची वेळही निघून जाते.

मला आनंद मिळतो, मग कुणाचं काय बिघडलं, असंही विचारतात. बिघडतं ते प्लेअरचं. सोल्डरिंगच्या उष्णतेनं जुन्या बोर्डाच्या तांब्याच्या पट्ट्या उचलल्या जातात आणि मूळ स्थितीला परत येणं अवघड होतं. जुन्या प्लेअरमध्ये आधी संपतो तो लेझर पिकअप, आणि कित्येक मॉडेलांसाठी तो आता नवा मिळत नाही. बाजूला ठेवलेली रक्कम आधी त्यासाठी राखावी. सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलणं ही दुरुस्ती आहे, ती जरूर करून घ्यावी. त्यापुढचा कुठलाही बदल करायला देताना काय काढलं आणि काय बसवलं याचा कागद मागा, आउटपुटचं व्होल्टेज आधीचं आणि नंतरचं लिहून घ्या, आणि काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत मागून घ्या.