स्वयंपाकघरातील वाऱ्याची वाट

हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ साली बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका प्रसिद्ध केली. चुलीचा धूर धुराड्यावाटे घराबाहेर घालवावा, हे त्यांचे सांगणे. याच शहरातील आमच्या घरी आज गॅसची शेगडी आहे. धूर दिसत नाही, म्हणून हवा निर्मळ झाली असे मात्र नव्हे. गॅस जळताना वाफेबरोबर नायट्रोजन डायॉक्साइडही निर्माण होतो, आणि आजीस दम्याचा विकार आहे. फोडणीचा ठसका तर निराळाच!

वातानुकूलित घरात वीज वाचावी म्हणून आम्ही साऱ्या फटी बुजविल्या, आणि पेच पडला. पंखा जितकी हवा बाहेर टाकतो तितकी आत यावयास हवी. आम्ही शेगडीपाशी उदबत्ती धरून पाहिली. खिडकी मिटलेली असता धुराची रेघ तेथेच घोटाळली. ती दोन बोटे उघडताच रेघ पंख्याकडे धावली.

बाजारात नळीविना चिमणीही मिळते. ती गाळलेली हवा खोलीतच परत सोडते. तेलकटपणा अडतो, वाफ व उष्णता राहतात. सबब आखूड, कमी वळणांची नळी बाहेर नेणारी, शेगडी झाकेल इतकी रुंद चिमणी आम्हांस योग्य वाटते. अवाढव्य शक्तीची नको. ती बैठकीतील गारवाही ओढून नेते. मधले दार लोटावे, स्वयंपाकघराची खिडकी किंचित उघडावी.

इंडक्शन शेगडीने ज्वलनाचे वायू टळतात. पुऱ्या तळण्याच्या दिवशी पंखा तरीही लागतोच.